बरणीतील विज्ञान : परंपरा आणि प्रमाण



वैशाख सरत आला आणि कडक, आंबट कैऱ्या बाजारात आल्या की महाराष्ट्रातील घराघरांत लोणच्याची लगबग सुरू होते. कैऱ्या धुऊन, पुसून, कोरड्या करून चिरल्या जातात. फोडींना हळद-मीठ चोळले जाते. मोहरीची डाळ फेसली जाते. बरणी उन्हात तापवून तिला हिंगाची धुरी दिली जाते. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच तेल ओतले जाते, तेही फोडी बुडून वर चार बोटे उरेल इतके. शेवटी तोंडावर दादरा बांधून बरणी उंच फडताळात जाते आणि घरातील सर्वांना एकच ताकीद मिळते, ओला हात किंवा ओला चमचा बरणीत जाता कामा नये.

या साऱ्या विधीत एकही कृती निरर्थक नाही. सूक्ष्मजीवशास्त्र हा शब्दही ज्यांच्या कानांवर कधी पडला नव्हता, अशा असंख्य गृहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या सूक्ष्मजीवांशी जी लढाई दिली, तिची ही व्यूहरचना आहे. आज प्रक्रिया केलेल्या अन्नाचा उद्योग रासायनिक परिरक्षकांना पर्याय म्हणून वनस्पतीजन्य घटकांकडे वळत आहे. अशा वेळी या व्यूहरचनेचा नुसता अभिमान बाळगून भागणार नाही. तिचे मर्म समजून घ्यावे लागेल, आणि तिच्या मर्यादाही.

अन्न नासते म्हणजे काय होते?

अन्न बिघडण्याचे तीन मार्ग आहेत आणि बोलण्याच्या ओघात त्यांची गल्लत होते. तेल किंवा शेव खवट होते ती हवेतील प्राणवायूमुळे. गव्हाला सोंडे लागतात ते किडीमुळे. त्यावर घराघरांत बिब्बे, कडुनिंबाचा पाला किंवा एरंडेलाचा हात हे उपाय चालत आले आहेत. तिसरा मार्ग सूक्ष्मजीवांचा. जिवाणू, बुरशी आणि यीस्ट हे तिन्ही अन्नावर वाढतात, त्याचा रंग, वास, चव बदलतात आणि काही वेळा विषही निर्माण करतात. आजचा विषय हा तिसरा मार्ग आहे.

देशाच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियाना येथील काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फळे व भाजीपाल्याची काढणीनंतरची हानी सुमारे साडेचार ते सोळा टक्के असल्याचे आढळले. सर्व प्रमुख शेतमाल, दूध, मांस व मासळी धरून वार्षिक नुकसानीचा आकडा त्या वेळच्या दराने सुमारे ९२ हजार ६०० कोटी रुपये होता. हे सारेच नुकसान सूक्ष्मजीवांमुळे होत नाही. त्यात हाताळणी, वाहतूक, साठवण यांचाही वाटा आहे. तरीही हंगामात मातीमोल होणाऱ्या मालावर गावातच प्रक्रिया झाली आणि ते अन्न निर्धोकपणे टिकले, तर शेतकऱ्याच्या हाती चार पैसे अधिक पडतील, हे उघड आहे.

वनस्पतींची शस्त्रे

वनस्पतीला पळता येत नाही. कीटक, बुरशी, जिवाणू यांच्याशी तिला जागच्या जागी उभे राहूनच लढावे लागते. त्यासाठी निसर्गाने तिला रासायनिक शस्त्रे दिली. माणूस ज्याला मसाल्याचा स्वाद म्हणतो, तो पुष्कळदा या शस्त्रांचाच वास असतो.

मोहरीचेच पाहा. अख्खी मोहरी कितीही दिवस डब्यात ठेवली तरी तिला झणका नसतो. तिच्यात सिनिग्रिन नावाचे द्रव्य असते आणि मायरोसिनेज नावाचे विकर असते. मात्र दोघांच्या जागा वेगळ्या. दाणा फुटला आणि त्याला पाणी लागले की या दोघांची गाठ पडते आणि ॲलिल आयसोथायोसायनेट हा उग्र पदार्थ तयार होतो. नाकात जाणारा झणका त्याचाच. बुरशी आणि जिवाणू या दोघांनाही तो रोखतो. मोहरीची डाळ पाण्याचा हात लावून फेसतात, ती याचसाठी. उलट तीच मोहरी उकळत्या तेलात टाकली तर विकर आधीच नष्ट होते आणि झणका उतरत नाही. म्हणून फोडणीतील मोहरी स्वादाला आणि फेसलेली मोहरी टिकवणुकीला, अशी विभागणी स्वयंपाकघराने फार पूर्वी केली. जपानमध्ये हाच घटक मोहरी वा वासाबीतून काढून, जेवणाच्या डब्यात अन्नावर ठेवण्याच्या पातळ पापुद्र्यांतून त्याची वाफ सोडण्याची पद्धत आहे.

लसणाची रीतही अशीच. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की ॲलिसिन तयार होते. कॅव्हालिटो आणि बेली या अमेरिकी संशोधकांनी १९४४ साली ते वेगळे काढून त्याचा जिवाणूरोधक गुण दाखवून दिला. लवंगेच्या तेलाचा फार मोठा भाग युजेनॉलचा असतो. ओव्याच्या तेलात थायमॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, गवती चहात सिट्राल हे घटक असतात. यांपैकी बहुतेक द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळतात. सूक्ष्मजीवाच्या पेशीचे आवरणही स्निग्ध असते. ही द्रव्ये त्या आवरणात शिरतात आणि त्याची घट्ट वीण सैल होते. मग पेशीतील क्षार आणि ऊर्जा बाहेर झिरपू लागतात आणि सूक्ष्मजीव दुबळा होऊन मरतो. काही जिवाणूंना याखेरीज आणखी एक बाहेरचे आवरण असते. ते मात्र या माऱ्याला अधिक काळ दाद देत नाहीत.

गौरव करताना सावधगिरी

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील बिलिंग आणि शेरमन या संशोधकांनी १९९८ साली ३६ देशांतील साडेचार हजारांहून अधिक पाककृती तपासल्या. देश जितका उष्ण, तितका मसाल्यांचा वापर अधिक, असे त्यांना आढळले. उष्ण हवेत अन्न लवकर नासते, म्हणून तेथील लोकांनी जंतुरोधक मसाले स्वीकारले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भारतीय वाचकाला हा निष्कर्ष सुखावणारा होता आणि तो पुष्कळ ठिकाणी उद्धृतही झाला.

परंतु विज्ञान तेथे थांबले नाही. २०२१ साली दुसऱ्या एका संशोधकगटाने ७० पाकपरंपरांतील ३३ हजारांहून अधिक पाककृती अभ्यासल्या. मसाल्यांचे प्रमाण आणि अन्नजन्य रोगांचा धोका यांचा थेट संबंध सिद्ध होत नाही, असे त्यांना दिसले. याचा अर्थ मसाल्यांत जंतुरोधक गुण नाहीत असा नव्हे. ते प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहेत. अर्थ इतकाच, की आमटीत पडणारी चिमूटभर हळद अन्न टिकवते असे समजणे धाडसाचे आहे. गुण असणे वेगळे आणि तो गुण पुरेशा मात्रेत कामी येणे वेगळे.

मात्रेचा हा प्रश्नच कारखान्यात सर्वांत अवघड ठरतो. प्रयोगशाळेतील द्रावणात जिवाणू रोखायला जितके तेल पुरते, तितके प्रत्यक्ष अन्नात पुरत नाही. स्निग्धांश आणि प्रथिने हे सुगंधी घटक स्वतःत ओढून घेतात. आजवर नोंदले गेलेले प्रयोग पाहिले तर साय कमी केलेल्या दुधात सुमारे दुप्पट, सूपमध्ये सुमारे पन्नास पट, तर मऊ चीजमध्ये पंचवीस ते शंभर पट मात्रा लागली आहे. इतके लवंगतेल घातलेले चीज टिकेल खरे. पण ते खाणार कोण? शिवाय वनस्पती म्हणजे साच्यातून काढलेली वस्तू नव्हे. जात, जमीन, पाऊस, काढणीची वेळ, साठवणूक यांनुसार तिच्यातील घटकांचे प्रमाण बदलते. यंदाच्या ओव्याने जे साधले ते पुढच्या वर्षीच्या ओव्याने साधेलच, याची हमी मोजमापाशिवाय कोणी देऊ शकत नाही.

'रसायन' आणि 'नैसर्गिक' : एक खोटे द्वंद्व

रासायनिक परिरक्षकांविषयी समाजात भय आहे. त्याला काही आधारही आहे. सोडियम बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकत्र असलेल्या काही पेयांत उष्णता व प्रकाशामुळे अत्यल्प प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकते, हे १९९० च्या सुमारास लक्षात आले आणि त्यानंतर उत्पादकांना आपली सूत्रे बदलावी लागली. तथापि येथे एक गोष्ट विसरता येणार नाही. बेंझोइक आम्ल माणसाला प्रथम सापडले ते लोबानाच्या डिंकात. सॉर्बिक आम्ल जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी १८५९ साली वेगळे काढले ते रोवन नावाच्या झाडाच्या फळांतून. आज 'केमिकल' म्हणून नाके मुरडली जातात ती ही दोन्ही परिरक्षके मुळात वनस्पतींचीच देणगी आहेत.

रेणूला आपला जन्म कोठे झाला हे ठाऊक नसते. तो शरीरावर परिणाम करतो तो आपल्या रचनेनुसार आणि मात्रेनुसार. म्हणून 'वनस्पतीपासून आले म्हणजे सुरक्षित' हे सूत्र जितके चुकीचे, तितकेच 'कारखान्यात बनले म्हणजे विष' हेही चुकीचे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक नियमांनी 'नैसर्गिक' हा शब्द लेबलावर वाटेल तसा छापण्यास मनाई केली आहे, ती या कारणानेच. हा शब्द ग्राहकाच्या श्रद्धेला हात घालतो. श्रद्धेचा व्यापार करणाऱ्याची जबाबदारी दुप्पट असते.

व्हँकुव्हरची बरणी

कॅनडातील व्हँकुव्हर शहरात १९८५ साली घडलेली एक घटना या संदर्भात प्रत्येक लोणचे-उत्पादकाने पाठ करून ठेवावी अशी आहे. तेथील एका उपाहारगृहात जेवलेल्या ३६ जणांना बोट्युलिझम या भयंकर विषबाधेने ग्रासले. दुहेरी दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, स्नायू लुळे पडत जाणे आणि अखेर श्वास अडकणे, असा या विषाचा क्रम असतो. शोध घेता घेता तपास पोहोचला तो तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणाच्या बाटलीपर्यंत. ती शीतकपाटाबाहेर ठेवलेली होती.

ज्या लसणाच्या जंतुरोधक गुणांची महती सारे जग गाते, त्याच लसणाच्या बाटलीत हे विष कसे तयार झाले? उत्तर सरळ आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात आणि मातीत वाढणाऱ्या लसणावर ते सहज येतात. साध्या उकळण्यानेही ते मरत नाहीत. त्यांना वाढण्यासाठी हवाबंद जागा लागते. ती तेलाने पुरवली. आम्ल नव्हते, मीठ नव्हते, थंडावा नव्हता. लसणाच्या अंगची शक्ती एकटी अपुरी पडली. १९८९ साली न्यूयॉर्क राज्यात अशीच आणखी एक घटना घडली, तेव्हा अमेरिकी प्रशासनाने अशा उत्पादनांत आम्ल घालणे बंधनकारक केले.

आता आपल्या घरातील लसणाच्या लोणच्याकडे पाहा. लसूण तोच, तेल तेच. मग ते शतकानुशतके निर्धोक कसे राहिले? कारण त्यात लिंबाचा रस असतो आणि मीठ सढळ असते. आम्लता वाढली आणि सामू ४.६ च्या खाली उतरला की हा जिवाणू वाढूच शकत नाही. मीठ पाणी ओढून घेते, तेल बुरशीला लागणारी हवा तोडते, मोहरी व हिंग आणखी अडथळा उभा करतात. यांपैकी एकही घटक एकट्याने पुरेसा नाही. सारे मिळून तटबंदी होते. जर्मन संशोधक लोथर लाइस्टनर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच तत्त्व 'अडथळ्यांचे तंत्रज्ञान' म्हणून मांडले आणि आज अन्नतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांत ते शिकवले जाते. लोणच्याच्या बरणीत ते आधीपासून नांदत होते, फक्त त्याला नाव नव्हते.

आणि म्हणूनच खरा धोका आजच्या बदलांत आहे. रक्तदाबासाठी मीठ कमी करा, असे वैद्यकशास्त्र सांगते, ते योग्यच आहे. ग्राहक कमी आंबट, कमी खारट, कमी तेलाचे लोणचे मागतो, तेही समजण्यासारखे आहे. परंतु मीठ निम्मे केले, लिंबू कमी केले आणि वर 'आजीच्या हातची चव, कोणतेही परिरक्षक नाही' अशी चिठ्ठी लावली, तर ती आजीची बरणी राहत नाही. ती व्हँकुव्हरच्या बाटलीच्या दिशेने सरकू लागते. आजीने मीठ कशासाठी घातले होते हे न समजता तिच्या नावाने मीठ काढणे, याला परंपरेचे पालन म्हणता येत नाही.

मसाला स्वतः किती शुद्ध?

दुसरी एक अडचण अशी की, ज्या मसाल्याने जंतू रोखायचे, तोच पुष्कळदा जंतू घेऊन येतो. मिरी, धने, मिरची अंगणात, जमिनीवर वाळतात. धूळ, पक्षी, ओलावा यांचा संसर्ग त्यांना होतो. अमेरिकेत २००९-१० साली मिरीचे आवरण दिलेल्या मांसोत्पादनांमुळे २७२ जणांना साल्मोनेला जिवाणूची बाधा झाली आणि तिचा उगम वापरलेल्या मिरीत व तांबड्या मिरचीत सापडला.

हा संसर्ग काढण्यासाठी काही ठिकाणी एथिलीन ऑक्साइड वायूचा वापर होतो. हा वायू कर्करोगकारक मानला जातो. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर येथील प्रशासनांनी याच कारणावरून काही भारतीय मसाला-उत्पादनांवर कारवाई केली, तेव्हा साऱ्या देशाच्या मसाला-व्यापाराकडे संशयाने पाहिले गेले. मसाल्यांची भूमी म्हणून जगाला परिचित असलेल्या देशासाठी ही बाब क्लेशकारक होती. तिच्यावर उपाय प्रतिवाद हा नव्हे. स्वच्छ ताडपत्रीवर किंवा सौर वाळवणीयंत्रात वाळवणे, ओलावा मोजून साठवणे आणि वाफेने निर्जंतुक करणे, हा उपाय आहे. त्याची सुरुवात कारखान्यात होत नाही, शेताच्या खळ्यावर होते.

हळदीच्या पेटंटचा धडा

अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला १९९५ साली जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले, तेव्हा भारतात संतापाची लाट उसळली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हा विजय भावनेच्या बळावर मिळाला नाही. परिषदेने ३२ लिखित संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ साली भारतीय वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झालेला शोधनिबंधही होता. 'आमच्याकडे सर्वांनाच हे ठाऊक आहे' हे वाक्य पेटंट कार्यालयात चालत नाही. तेथे कागद लागतो. २००१ साली सुरू झालेला पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथालय-प्रकल्प हा याच जाणिवेचा परिपाक होय.

पूर्वसुरींनी ही जाणीव ठेवली होती. शार्ङ्गधरसंहितेत चूर्ण दोन महिन्यांनी, तर गुटी व अवलेह वर्षाने हीनवीर्य होतात, असा कालावधी नोंदवलेला आहे. आजच्या भाषेत ही 'या तारखेपूर्वी वापरावे' अशी सूचनाच होय. औषध गुणकारी आहे एवढे सांगून ग्रंथकार थांबला नाही. ते किती काळ गुणकारी राहते, हेही त्याने सांगितले. स्वयंपाकघरातील ज्ञान मात्र बहुतांशी हातांतच राहिले. मीठ 'अंदाजाने', मोहरी 'मूठभर', तेल 'बुडेल इतके'. त्या हातांना अंदाज होता, कारण त्यामागे चाळीस-पन्नास उन्हाळ्यांचा सराव होता. तोच अंदाज नवख्या कामगाराकडून पाचशे किलोच्या घाण्यात अपेक्षिता येत नाही.

काय करता येईल?

आज महाराष्ट्राच्या गावागावांतून महिला बचतगट लोणची, चटण्या, आमसुले, सरबते तयार करतात. कोणाच्या मुलीची शाळेची फी त्यातून भरली जाते, कोणाच्या घराचे छप्पर त्यातून उभे राहते. अशा गटाच्या एका बरणीने जर कोणाला विषबाधा झाली, तर एका कुटुंबावर आघात होईलच; शिवाय त्या तालुक्यातील साऱ्या बायकांच्या कष्टावरील विश्वास उडेल. म्हणून या गटांना 'नैसर्गिक म्हणजे उत्तम' एवढीच घोषणा देऊन सोडणे, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

त्यांना आवश्यक असलेली साधने फार महाग नाहीत. मीठ, आम्ल आणि मोहरी मुठीने न घेता वजनाने घ्यावी. प्रत्येक घाण्याचा सामू यंत्राने मोजून तो ४.६ च्या पुरेसा खाली असल्याची खात्री करावी. कोणत्या दिवशी, कोणत्या शेतातील माल, किती प्रमाणात वापरला, याची वही ठेवावी. त्या घाण्यातील एक बरणी साक्षीदार म्हणून बाजूला ठेवून ती वेळोवेळी तपासावी. मीठ वा तेल कमी करायचे असेल, तर त्या जागी दुसरा कोणता अडथळा उभा राहील हे आधी ठरवावे. लिंबाचा रस वाढवावा, वाफेने प्रक्रिया करावी किंवा माल थंड ठेवून लवकर विकावा. आणि जेथे अत्यल्प, नियमात बसणारे परिरक्षक घालणेच निर्धोक असेल, तेथे ते घालून लेबलावर स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही.

संशोधन-संस्थांचेही कर्तव्य आहे. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून कार्यरत आहे. परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय, दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था ही केंद्रे महाराष्ट्रातच आहेत. मोहरी, ओवा, कोकम, गवती चहा यांच्या अर्कांची नेमकी मात्रा कोणत्या मराठी पदार्थात, किती दिवस आणि किती तापमानात काम करते, याची उत्तरे इंग्रजी शोधनिबंधांतून बाहेर येऊन मराठीत, तक्त्याच्या रूपात, बचतगटाच्या भिंतीवर लागली पाहिजेत. ज्यांच्याकडून हे ज्ञान विज्ञानाने घेतले, त्यांना ते मोजून, तपासून परत करणे हे ऋणमोचन आहे.

फेसलेल्या मोहरीने पिढ्यान्‌पिढ्यांची कैरी टिकवली. ती पुढील पिढ्यांचीही टिकवील, पण त्यासाठी तिला तराजूत बसावे लागेल. पूर्वजांनी अनुभवाने जे मिळवले, ते नव्या पिढीने प्रमाणाने सिद्ध करावे आणि निर्धोक करून पुढे द्यावे. बरणीवरचा दादरा सोडताना घरातील लेकराच्या पानात आपण काय वाढतो आहोत, हे वाढणाऱ्या हाताला निश्चित ठाऊक असले पाहिजे.